कैरी आणि कुंकवाची डबी : कादंबरीतल्या दोन मुलांचं जाणतेपण कसं तोलावं

गेल्या जुलैत, धो धो पाऊस सुरू असताना, माझी भाची भिजलेली सॅक आणि कोरडा लॅपटॉप घेऊन सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी उगवली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, परवा द्यायचंय. 'पथेर पांचाली'तले अपू आणि दुर्गा, दोघांच्या परिपक्वतेची तुलना. लिहून झालंय, तू फक्त शुद्धलेखन बघ."

'पथेर पांचाली' ही बंगाली कादंबरी. खेड्यातल्या एका गरीब घरातली दुर्गा थोरली बहीण, अपू धाकटा भाऊ. भाचीच्या लेखाचं शुद्धलेखन ठीक होतं. पहिलं वाक्य असं होतं: 'दुर्गा वयाने मोठी असूनही अल्लड आणि चोरटी आहे, तर अपू लहान असूनही संवेदनशील व परिपक्व आहे.' पुढची दोन पानं या एका वाक्याची वकिली करण्यात गेली होती. तिसऱ्या पानावर दोघं भावंडं पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावत जाऊन आगगाडी बघत होती.

मी चहा टाकला आणि विचारलं, "आगगाडी दोघांनी मिळून बघितली, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

ती गप्प. मग म्हणाली, "पिक्चरमध्ये आहे ना."

मला हसू आलं, कारण कॉलेजात असताना मीही हेच केलं होतं. माझ्या निबंधाच्या समासात लाल शाईत दोन शब्द आले होते: 'कादंबरीही वाचावी.' त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी तिचा लेख मोडून पुन्हा बांधला. तेव्हा जे केलं तेच इथे क्रमाने मांडते. उदाहरण अपू-दुर्गाचं असलं तरी रीत कुठल्याही वाढत्या वयाच्या कादंबरीला लागू पडेल, मग ती नववीच्या वर्गातली असो की वसतिगृहातली.

हातात नक्की कोणतं पुस्तक आहे?

हे सगळ्यात आधी बघायचं, आणि पुण्यात तर दोनदा बघायचं. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट, तिथेच 1964 साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, आणि सतीश बहादूरांसारख्या शिक्षकांनी 'पथेर पांचाली' हाताशी धरून चित्रपट कसा वाचावा हे शिकवलेल्या पिढ्या. त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत सत्यजित राय यांचा 1955चा चित्रपट आधी येतो आणि विभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं 1929चं पुस्तक नंतर, किंवा येतच नाही. चित्रपट थोर आहे, पण तुलनेचे निम्मे पुरावे तो बदलतो.

तीन बदल लक्षात ठेवले तरी पुरे. एक, कादंबरीत दुर्गाला आगगाडी कधीच दिसत नाही. हरवलेलं वासरू शोधताना दोघं भावंडं रेल्वेचे रूळ बघायला म्हणून लांबवर धावत सुटतात, पण रूळ काही सापडत नाहीत आणि दमूनभागून परत येतात. पुढे आजारी पडलेली दुर्गा अपूलाच विचारते की बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील का. दोन, या घरात राहणारी म्हातारी नातेवाईक इंदिर ठाकरुण पुस्तकात फार लवकर मरते. तेव्हा अपू अगदी तान्हा असतो, त्यामुळे तिच्या मरणाने तो काय शिकला हा प्रश्नच उद्भवत नाही. तीन, दुर्गावर जिचा आळ येतो ती चोरीची वस्तू. चित्रपटात शेवटी माळ सापडते आणि ती पाण्यात जाते. कादंबरीत मण्यांच्या माळेचं प्रकरण आधीच होऊन गेलेलं असतं. शेवटी सापडते ती सोन्याची कुंकवाची डबी, आणि ती जाते बांबूच्या बनात.

आणखी एक. क्लार्क आणि तारापद मुखर्जी यांचा 1968चा इंग्रजी अनुवाद कुटुंब गाव सोडतं तिथेच संपतो. मूळ कादंबरीत त्यापुढे काशीचा सबंध भाग आहे. त्या अनुवादावरून लिहिणाऱ्याने 'कादंबरीच्या शेवटी अपू...' असं वाक्य सुरू करू नये.

'परिपक्व' हा शब्द तात्पुरता कपाटात

प्रश्नपत्रिकेत तो असतो, म्हणून आपणही वापरतो. पण घरात कोणी कोणाला परिपक्व म्हणत नाही. आपण म्हणतो पोक्त, समंजस, जाणता, शहाणी, आगाऊ, थोराड, पोरकट. या प्रत्येक शब्दाचं वजन वेगळं आहे, आणि काही शब्द मुलाला एक अर्थ देतात, मुलीला दुसरा. 'मुलगा समंजस आहे' म्हणजे त्याला कळतं. 'मुलगी समंजस आहे' म्हणजे बहुतेक वेळा ती कुरकुर न करता सोसते. स्थळ बघताना हा शब्द किती सहज उच्चारला जातो ते आठवा.

दुर्गाची गंमत अशी की ती या दुसऱ्या अर्थाने समंजस अजिबात नाही. ती भटकते, लोकांच्या बागेत शिरते, आईचं ऐकत नाही. कैरीच्या प्रकरणापर्यंत ती दहा-अकरा वर्षांची झालेली आहे, आणि त्या काळात त्या वयाच्या मुलीने रानोमाळ हिंडणं म्हणजे घराला घोर. मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवणारा शारदा कायदा मंजूर झाला तोही 1929 साली, पुस्तक आलं त्याच वर्षी. गोष्टीतला काळ तर त्याच्याही बराच आधीचा. गावाच्या मापाने दुर्गा वाया चाललेली पोर आहे. माझ्या भाचीचं पहिलं वाक्य हे गावाचं माप होतं, फक्त छान शुद्ध मराठीत.

म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर स्वतःचं माप लिहा. 'जाणतेपण म्हणजे काय' यावर निबंध नको, तीन साधे प्रश्न पुरतात. पुढे काय होईल ते या मुलाला आधी दिसतं का? दुसऱ्याला काय वाटेल याचा अंदाज येतो का? आणि केलेल्याची किंमत तो स्वतः भरतो, की दुसऱ्यावर ढकलतो? कादंबरी वेगळी असेल तर प्रश्न बदला, पण तीनच ठेवा. पाच-सहा केले की लेखाचा तक्ता होतो.

वही

दुसऱ्यांदा वाचताना वही जवळ हवी. अप्पा बळवंत चौकातून आणलेली साधी शंभर पानी चालते. मी लॅपटॉपवर करू देत नाही, कारण तिथे मुलं वाक्यं उचलून चिकटवतात आणि समजतात की टिपण झालं. आडव्या पानावर पाच रकाने: प्रसंग, कोणाला काय माहीत होतं, कोणी काय केलं, कोणाला भोगावं लागलं, आणि हे आपल्याला कोणाच्या डोळ्यांनी दिसतं. पान क्रमांक समासात.

युक्ती अशी की या दुसऱ्या वाचनात कमी उजेडातल्या पात्राच्या मागे जायचं. पहिल्या वाचनात नायक आपोआप लक्षात राहतो. अपूची सगळी स्वप्नं, त्याचं महाभारत, कर्णासाठी त्याचं रडणं, हे विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. दुर्गा मात्र वाक्याच्या कडेने चालते. तिची नोंद केली नाही तर ती निसटते.

एक नोंद कशी दिसावी ते सांगते. मिठाईवाला चिनीबास डोक्यावर टोपली घेऊन गावातून फिरतो. या घरात विकत घेण्याजोगे पैसे नाहीत, पण दोघं भावंडं त्याच्या मागोमाग एका सधन घरापर्यंत जातात. तिथली मुलं खातात, ही दोघं बघतात, वर घरातल्या बाईचे दोन टोचरे शब्द. परतताना दुर्गा अपूची समजूत काढते की रथयात्रेला बाबांकडून पैसे मागू, दोन तुझे, दोन माझे, मग आपणही घेऊन खाऊ. वहीत: 'माहीत – दु.ला अपमान कळला, अपूला फक्त मिठाई नाही हे कळलं. केलं – दु.ने तारीख आणि रक्कम सांगून आशा दिली. भोगलं – दोघांनी, दु.ने स्वतःचं गिळलं. डोळे – लेखकाचे.' शेवटचे दोन शब्द भाचीला फालतू वाटले होते. त्यांचं काम पुढे येईल.

अशा वीस-पंचवीस नोंदी होतात. त्यातल्या सहा-सात लेखात जातील. बाकीच्या वाया जात नाहीत. त्यांच्यामुळे आपण त्या सहा-सातांबद्दल ठामपणे बोलतो.

जोड्या लावणे

इथे खरी तुलना घडते, आणि इथेच बहुतेक लेख फसतात. अपूचा एक थोर क्षण आणि दुर्गाचा एक पडका क्षण शेजारी ठेवला की निकाल आधीच लागलेला असतो. तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच जातीचा प्रसंग हवा. वही समोर ठेवा आणि विचारा: असं काय आहे जे दोघांनाही करावं लागलं? भूक सोसणं, मार खाणं, आईशी खोटं बोलणं, काहीतरी हरवणं, गुपित राखणं. या कादंबरीत मला सगळ्यात फळलेलं सूत्र गुपिताचं. त्याचे दोन प्रसंग जवळून बघू.

पहिला. आई घाटावर गेली आहे. दुर्गा नारळाच्या करवंटीत कैरीच्या फोडी घेऊन येते आणि हलक्या आवाजात अपूला विचारते, आई गेली का. मग त्याला आत पिटाळते, थोडं तेल आणि मीठ आण. अपू घोटाळतो, कारण पारोशाने तेलाला शिवलं तर आई रागावेल. ही अडचण मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दुर्गा बजावते की तेल जमिनीवर सांडू नकोस, आईला कळेल. खाऊन झाल्यावर तिला त्याच्या तोंडाला लागलेलं मीठही दिसतं आणि ती ते पुसायला लावते. बघा, दहा-अकरा वर्षांची पोर एका चोरट्या खाण्याचे किती धागेदोरे आधी बघते: वेळ, तेलाचा डाग, मिठाचा कण.

मग आई येते, अपूला भाजलेले तांदूळ खायला देते. अपू चावायला जातो आणि बोलून बसतो की चावता येत नाही, दात आंबलेत. झालं. बहिणीने रचलेला सगळा बंदोबस्त एका वाक्यात कोसळला. ताईकडे बघून तो गडबडतो, पण बाण सुटलेला असतो. आई जरा बाजूला होताच दुर्गा त्याच्या पाठीत धपाटा घालते आणि त्याचंच वाक्य वेडावून दाखवते.

या प्रसंगावर 'अपू निरागस आहे' असं लिहून मोकळं होता येतं. पण आपल्या तीन प्रश्नांकडे जा. पुढचं दिसतं का? दुर्गाला दिसतं, अपूला नाही. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज? दुर्गा आईच्या डोळ्यांनी घर बघू शकते. आई आत आली तर तिची नजर कुठे जाईल हे तिला कळतं. अपू अजून स्वतःच्या दातांपुरताच आहे. किंमत? ओरडा तिला. इथे ती सरळ सरळ जाणती आहे, आणि तिचं जाणतेपण चोरीच्या कामी लागलं म्हणून ते कमी होत नाही.

दुसरा. दुर्गा तापाने गेली आहे. कुटुंब गाव सोडून निघालं आहे, आवराआवर चालू आहे. उंचावरच्या फळीवर एका मडक्यात अपूच्या हाताला काहीतरी लागतं. सोन्याची कुंकवाची डबी. तीच डबी, जी एका सधन घरातून नाहीशी झाली होती, जिच्यापायी दुर्गाने मार खाल्ला होता आणि तरी कबूल केलं नव्हतं. म्हणजे ती खोटं बोलली होती. आता हे जगात फक्त अपूला ठाऊक आहे.

तो काय करतो? आईला सांगत नाही. परत नेऊन देत नाही. मागच्या दाराने जाऊन डबी बांबूच्या दाट बनात भिरकावून देतो. तिथे ती कोणाला सापडणार नाही.

ज्या मुलाला आंबलेले दात लपवता आले नाहीत, तो आता सोन्याची डबी गिळून बसला. दोन्ही वेळा गुपित दुर्गाचंच. ही जोडी लावली की अपूची वाढ कुठून कुठे गेली ते सांगायला वेगळी विशेषणं लागत नाहीत. शिवाय एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, जो लेखात यायलाच हवा: हे राखणं अपू शिकला कोणाकडून? रुळांच्या शोधात भरकटून उशिरा घरी आल्यावर खोटं बोलून दोघांची पाठ वाचवली होती ती दुर्गानेच. म्हणजे अपूचं जे सगळ्यात मोठं काम, ते दुर्गाच्या पद्धतीचं आहे.

भाचीने इथे पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग माझं पहिलं वाक्य गेलं."

गेलं.

कंदील कोणाच्या हातात

आता शेवटच्या रकान्याकडे. वाढत्या वयाच्या कादंबरीत सांगणारा कोण, यावर निम्मं जाणतेपण ठरतं. 'श्यामची आई' मोठा झालेला श्याम रात्री गोळा झालेल्या मित्रांना सांगतो. त्यामुळे छोट्या श्यामच्या प्रत्येक हट्टावर मोठ्या श्यामच्या पश्चात्तापाचा हात फिरलेला असतो. लहान श्यामला तेव्हा किती कळलं होतं हे वेगळं काढायला कष्ट पडतात. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त नववीतला मुलगाच बोलतो. तिथे त्याला न कळलेलं वाचकाला कळतं, आणि मुली फक्त त्याला दिसतील तेवढ्याच दिसतात.

'पथेर पांचाली'त लेखक तिसऱ्या माणसाच्या आवाजात सांगतो, पण कंदील बहुतेक वेळ अपूच्या डोक्याशी धरतो. अपूला काय वाटलं हे पानंच्या पानं आहे. गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते तोंडात धरलं की आकाशात उडता येतं असं तो एका जुन्या पोथीत वाचतो, कुठून कुठून अंडी मिळवतो, आणि ती ताईच्या हातून नकळत फुटतात. त्याचं स्वप्न, त्याचा आक्रोश, सगळं आपल्याला आतून कळतं. दुर्गाने डबी का ठेवली, हे आपल्याला कोणी आतून सांगत नाही. तिने ती विकली नाही, घातली-मिरवली नाही, मडक्यात ठेवली. बस.

तेव्हा 'अपू अधिक संवेदनशील' असं लिहिण्याआधी तपासा: तो अधिक संवेदनशील आहे, की त्याची संवेदना आपल्याला अधिक दाखवली आहे? वहीत कोणाच्या डोळ्यांनी किती प्रसंग दिसले ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक निबंधांत ते कोणी केलेलं नसतं.

कल्पनाशक्ती म्हणजे जाणतेपण नव्हे, हेही इथेच नोंदवा. कर्णासाठी रडणारा मुलगा मला अतोनात आवडतो. हरणाऱ्याच्या बाजूने मन जाणं ही मोठी गोष्ट. पण त्याच सुमारास तो गिधाडाची अंडी जमवतो. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा.

वय आणि वेळ

दोन पात्रांच्या वयात अंतर असेल तर तुलना दोन प्रकारे होते. एकाच वेळी दोघं कुठे आहेत. आणि एकाच वयात दोघं कुठे होते. पहिली सगळे करतात. दुसरी करून बघा, फार काही सापडतं. कैरी कापणारी दुर्गा दहा-अकराची. डबी फेकणारा अपू त्या वयाच्या जवळ पोचलेला. या जोडीत 'मोठी बहीण, लहान भाऊ' हा आयता आधार निघून जातो.

आणि वेळ. अपूला पुढे काशी आहे, त्यानंतर 'अपराजित' ही सबंध दुसरी कादंबरी आहे. दुर्गाला निश्चिंदीपूर हे गाव आहे आणि एक पावसाळा. ज्याच्या वाढीची शेकडो पानं अजून शिल्लक आहेत त्याची आणि जिची वाढ मध्येच थांबली तिची तुलना करताना हे निदान एका वाक्यात कबूल केलं पाहिजे. नाहीतर आपण अर्ध्यात सोडलेल्या पेपराला नापास करतो.

स्वतःविरुद्ध लिहिणे

आतापर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की मी दुर्गाची वकील. भाचीलाही तसंच वाटलं आणि ती उत्साहाने दुसऱ्या टोकाला गेली: 'दुर्गाच खरी परिपक्व, चोरी ही केवळ गरिबीची प्रतिक्रिया.' मी ते खोडायला लावलं.

कैरी भुकेने समजते. मण्यांची माळही, एखाद्या पोरीला हौस असते म्हणून, समजते. सोन्याची डबी तशी समजत नाही. तिच्यामुळे आईची मान गावात खाली गेली, आणि हे दुर्गासारख्या पुढचं बघणाऱ्या मुलीला दिसलं नसेल? तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे किंमत कोणी भरली यावर, इथे दुर्गा अडकते. लेखात ही गाठ तशीच ठेवा. ओढूनताणून सोडवली की परीक्षकाला कळतं, आणि आपल्यालाही.

अपूच्या बाजूनेही तेच. डबी फेकणं थोर आहे की नाही? ज्यांची वस्तू होती त्यांना ती मिळाली नाही. कायद्याच्या आणि सरळ व्यवहाराच्या मापाने त्याने चोरी पक्की केली. एखादा जाणता मुलगा ती परतही देऊन आला असता, असं म्हणणारा विद्यार्थी मला चालेल, त्याने ते नीट मांडलं तर. माझं मत वेगळं आहे: परत देणं म्हणजे मेलेल्या बहिणीवर चोरीचा शिक्का स्वतःच्या हाताने मारणं, आणि अपूला ते कळलं म्हणून त्याने फेकली. पण हे माझं मत. वहीतल्या नोंदीत 'केलं – फेकली' एवढंच असावं.

प्रत्यक्ष लिहिणे

दीड हजार शब्दांचा लेख असेल तर पहिली अडीच पानं अपू, पुढची अडीच पानं दुर्गा, अशी वाटणी करू नका. ते दोन निबंध होतात, शेजारी शेजारी झोपलेले. परिच्छेद प्रसंगांच्या जोडीवर बांधा. एका परिच्छेदात दोघंही हवीत. भाचीच्या मूळ लेखातला एक परिच्छेद असा होता:

'अपू हा अत्यंत संवेदनशील आहे. त्याला निसर्गाची ओढ आहे. त्याला बहिणीविषयी प्रेम आहे. त्यामुळे तो परिपक्व वाटतो. याउलट दुर्गा चोरी करते व खोटे बोलते.'

पाच वाक्यं, एकही पान क्रमांक नाही, आणि 'त्यामुळे' कशामुळे ते कळत नाही. दोन तासांनी त्याच जागी हे आलं:

'कैरीच्या प्रसंगात दुर्गाला धोका आधी दिसतो: तेल सांडलं तर आईला कळेल, तोंडाला मीठ राहिलं तर आईला कळेल. अपूला तो दिसत नाही. दात आंबल्याचं तो सहज बोलून जातो. गाव सोडताना मडक्यात डबी सापडते तेव्हा मात्र अपू बहिणीसारखाच विचार करतो: कोणाला काय कळता कामा नये. दुर्गाने ही सावधगिरी मार चुकवायला वापरली होती. अपू ती वापरतो तेव्हा मार चुकवायला कोणी उरलेलंच नाही.'

शेवटचं वाक्य तिचं. मी फक्त 'उरलेलंच' मधला 'च' ठेव म्हणाले.

सुरुवातीचं वाक्य सगळ्यात शेवटी लिहा. निकाल देऊ नका, दावा करा. आणि दावा असा हवा की ज्याला कोणीतरी 'नाही' म्हणू शकेल. 'दोघेही आपापल्या परीने परिपक्व आहेत' याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून ते लिहून उपयोग नाही. तिचं नवं पहिलं वाक्य: 'अपूचं जाणतेपण कादंबरीला दिसतं, दुर्गाचं जाणतेपण फक्त अपूला दिसतं, तेही उशिरा.' मी असते तर 'फक्त' काढला असता. लेखकाला दिसतं म्हणूनच करवंटीतलं मीठ आपल्यापर्यंत पोचलं. ती ऐकली नाही. ठीक आहे, लेख तिचा.

'परिपक्वता' हा शब्द आता कपाटातून काढा, कारण प्रश्नात तो आहे आणि गुण देणारा तो शोधणार आहे. सुरुवातीला एकदा, मध्ये एखाददुसऱ्यांदा. बाकी ठिकाणी जे म्हणायचं तेच म्हणा: तिला कळलं, त्याने लपवलं, तो बोलून बसला. क्रियापदं चांगली असली की विशेषणं आपोआप गळतात.

पात्रांची नावं आणि नाती एकसारखी ठेवा. बंगालीत अपू 'दिदी' म्हणतो. लेखात एकदा दिदी, एकदा ताई, एकदा बहीण असं नको. कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं नाव 'आम आँटिर भेंपू' आहे, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. आपल्याकडेही मुलं कोय घासून पिपाणी करायची. माझ्या आजोळी अंगणात दर पावसाळ्यात दोन-तीन तरी वाजत असायच्या. हे लेखात घालायचा मोह भाचीला झाला. घाल म्हटलं, पण एका ओळीत, कारण गुण पिपाणीला नाहीत.

शेवटचं काम मोठ्याने वाचण्याचं. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे परिच्छेद. मग वही उघडून प्रत्येक प्रसंगाचा पान क्रमांक लेखाशी जुळवा. आमचं हे होईपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. पाऊस थांबला होता. ती लॅपटॉप बंद करून सॅक भरत होती, आणि दारातून परत आली.

"मावशी, पुस्तक ठेवून घेऊ का दोन दिवस? काशीचा भाग वाचायचा राहिलाय."